ओठ फेकून शिकार करणारा भुंगेरा

फिनलंड-स्वीडनच्या स्प्रूस-बर्चच्या ओल्या जंगलात ओढ्याकाठचं शेवाळ जरा बाजूला सारलं, की जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, सडपातळ काळा किडा लगबगीने पळतो. चटकन पाहिलं तर मुंगीच वाटावी. हा ‘स्टेनस’, रोव्ह बीटल या भुंगेऱ्यांच्या कुळातला. या कुळात ६० हजारांहून अधिक जाती आहेत; एकट्या स्टेनसच्याच ३ हजारांच्या आसपास. आखूड पंखझाकणं ही कुळाची खूण. पोट उघडंच राहतं, त्यामुळे ते हवं तसं वळवत पाचोळ्याच्या फटींत घुसता येतं.

स्टेनसचं आवडतं भक्ष्य म्हणजे स्प्रिंगटेल. पोटाखालच्या काट्याच्या जोरावर हा जीव क्षणात उडी मारून निसटतो. त्याला पकडायला स्टेनसकडे अजब हत्यार आहे: खालचा ओठ. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो हा ओठ सेकंदाच्या काही हजारांश भागात पुढे फेकतो. टोकाच्या गाद्यांवर बारीक केस आणि चिकट स्राव असतो. भक्ष्य चिकटलं की ओठ आत, आणि भक्ष्य थेट जबड्यात! त्याचे डोळे टपोरे का, ते इथे उमगतं. नेम चुकला तर उपाशी राहायचं.

पाण्यात पडला तरी तो घाबरत नाही. पोटाच्या टोकातून ‘स्टेनुसिन’ हे रसायन सोडतो. मागच्या पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि भुंगेरा पुढे ओढला जातो. ‘स्टेनस कोमा’ ही जात अशी सेकंदाला पाऊण मीटरपर्यंत वेग गाठते. हाच स्राव अंगाला चोपडून तो जंतूंनाही दूर ठेवतो.

याचा एक भाऊबंद आपल्याकडेही पावसाळ्यात दिव्याभोवती येतो: नारिंगी-काळा पेडेरस. तो अंगावर बसला तर फुंकर घाला, चिरडू नका. त्याच्या अंगातल्या विषाने कातडीवर फोड येतात.

पाचोळ्यातले असे जीव मोजायला अभ्यासक पाचोळा जाळीच्या नरसाळ्यात भरून वर दिवा लावतात. ऊब आणि कोरडेपणापासून पळत किडे खालच्या बाटलीत पडतात. सरसकट वृक्षतोड झालेल्या जमिनीवर सूर्य नेमकं हेच करतो, फक्त खाली बाटली नसते. म्हणून तोड करताना ओढ्याकाठी झाडांचा पट्टा राखतात. पण तो अरुंद असेल तर ऊन-वारा आतवर शिरतो आणि शेवाळ वाळतं. माझ्या मते, अशा पट्ट्याची रुंदी या चार मिलिमीटरच्या जीवाला विचारूनच ठरवावी.