बोरघाट : रस्त्याच्या कडेने चढलेली रेल्वे

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून बोरघाट हा बहुतेकांच्या लेखी काही मिनिटांत उरकण्याचा टप्पा झाला असला, तरी खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याकडे वळणे घेत चढणारा जुना रस्ता धरला, तरच सह्याद्रीचा कडा चढण्यासाठी लोहमार्गाला किती खटाटोप करावा लागला असेल याचा अंदाज येतो. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, हा घाट चाकांच्या वाहनांना खुला झाला. रेल्वे आली ती आधी याच रस्त्याच्या आधाराने : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचली, १८५८ साली वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, आणि मधला कडा तसाच राहिल्याने उतारूंना पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढावा लागे.

अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला सुमारे २५ किलोमीटरचा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला, पण तो पाहायला बर्कले हयात नव्हते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका तडीस नेला, ही हकीकत रेल्वेच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. मात्र ऐन भरात ज्या चाळीस हजारांवर मजुरांनी कडा फोडला आणि पटकीच्या साथी सोसल्या, त्यांची नावे कोठेच नाहीत. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणारा धनगर म्हणून आख्यायिकेत राहिलेला शिंग्रोबा तेवढा अपवाद, आणि त्याच्या देवळापाशी वाहनचालक आजही वेग कमी करून नाणे टाकतात.

या मार्गाची चढण काही ठिकाणी ३७ फुटांत एक फूट, म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने फारच तीव्र आहे. शिवाय कड्यावर वळण घ्यायला जागा नसल्याने खंडाळ्याजवळ ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधावे लागले : गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढे. १९२९ साली नव्या मार्गाने हा वळसा टळला, चढण मात्र टळली नाही. उतरणीवर गाडीचा ताबा सुटल्यास ती मुख्य मार्ग सोडून वर चढत जाणाऱ्या आंधळ्या फाट्यावर, म्हणजे ‘कॅच सायडिंग’वर, शिरून थांबावी अशी योजना आहे. चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देण्यासाठी कर्जतला ‘बँकर’ म्हणजे जादा इंजिने जोडतात, आणि कर्जतच्या बटाटेवड्याची ख्याती पुण्या-मुंबईपर्यंत गेली तीही या सक्तीच्या थांब्यामुळेच.