कॅरमभोवती कोण बसतं?

तरुणांची जागा : भाग ४

वरळीत पोदार रुग्णालयाजवळ सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. पत्ता विचारताना हे नाव घेतलं तर समोरचा थोडा विचारात पडतो. ‘अभ्यास गल्ली’ म्हटलं की लगेच हात वर करून दाखवतो. अंधार पडायला लागला की मुलं चटई, वह्या आणि पाण्याची बाटली घेऊन येतात आणि झाडाखाली, दिव्याखाली जागा धरतात. वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली म्हणजे १६० चौरस फूट. तेवढ्यात टीव्ही, पाहुणे, धाकट्याची भुणभुण आणि कुकरच्या शिट्ट्या. परीक्षेचा अभ्यास करायचा कुठे? मुलांनी उत्तर आपलं आपण शोधलं. त्याला फीत कापावी लागली नाही की समुपदेशक नेमावा लागला नाही.

युवा केंद्रांचे आराखडे करणाऱ्यांना ही गल्ली सहसा आठवत नाही.

त्यांचा हिशेब वेगळा असतो. खेळ हे आमिष आणि आरोग्याचा सल्ला हा गळ. आफ्रिकेतल्या अनेक देशांत याच हिशेबाने युवा केंद्रं उघडली गेली. कॅरम, टेबल टेनिस, टीव्ही ठेवला की मुलं येतील आणि मग शेजारच्या खोलीत डॉक्टरांशीही बोलतील, अशी अपेक्षा. अशा केंद्रांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये ‘स्टडीज इन फॅमिली प्लॅनिंग’ या नियतकालिकात आला. चित्र असं निघालं : येणाऱ्यांत मुलगे जास्त, तेही बरेचसे ठरवलेल्या वयापेक्षा मोठे आणि हाकेच्या अंतरावर राहणारे. ते यायचे खेळायला. शेजारच्या खोलीकडे फिरकणारे थोडे. आपल्याकडच्या मंडळांच्या कार्यालयात डोकावलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. तिथल्या कॅरमवर पस्तिशीतले ‘युवा कार्यकर्ते’ बसलेले असतात आणि पंधरा वर्षांचा पोरगा दाराशी उभा राहून सोंगट्या मोजत असतो. आणि मुलगी? ती दारापर्यंतही येत नाही.

मुंब्र्यातल्या मुलींची गोष्ट म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखी. ‘परचम’ या गटाने २०१२ च्या सुमारास तिथे मुलींचं फुटबॉल सुरू केलं. चेंडू मिळाला, शिकवणारे मिळाले. मैदान मात्र मिळेना, कारण ते कायम मुलांनी व्यापलेलं. काही मुली तर घरी न सांगताच खेळायला यायच्या. शेवटी सह्यांची मोहीम झाली, लोकप्रतिनिधींपर्यंत निवेदन गेलं. मागणी व्याख्यानाची किंवा शिबिराची नव्हती. आम्हाला खेळायला राखीव मैदान द्या, एवढंच म्हणणं होतं.

‘राखीव’ हा शब्द इथे कळीचा. सगळ्यांसाठी खुली असलेली जागा प्रत्यक्षात आधी येऊन बसेल त्याची होते, आणि आधी येऊन बसायची मुभा मुलींना नसते. आठवड्यातले दोन दिवस फक्त मुलींचे, वयाची अट दारावर लिहिलेली, आतून कडी लागणारं स्वच्छ स्वच्छतागृह आणि दिवेलागणीच्या आत घरी पोहोचता येईल अशी वेळ, एवढं केलं तरी उंबरठा निम्मा उतरतो. याला फार मोठं अंदाजपत्रक लागत नाही.

सल्ल्याच्या खोलीचंही तसंच. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वयोगटासाठी. त्यातली किशोरांची क्लिनिकं बहुधा सरकारी दवाखान्यांतच असतात. आता बाहेरच्या बाकावर शेजारच्या काकू केसपेपर घेऊन बसल्या असतील, तर कोणती मुलगी आत जाईल? पाळीबद्दल विचारायला गेलेली पोर ‘सर्दी झालीय’ म्हणून गोळी घेऊन परत येणार.

पुढच्या भागात आइसलँड : तिथल्या राजधानीने मुलांच्या छंदवर्गांसाठी घरटी पैसे न देता प्रत्येक मुलामागे का दिले, त्याची हकिकत. तोवर एक काम वाचकांनी करावं. एखाद्या संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या कार्यालयात डोकावून यावं आणि कॅरमभोवतीची डोकी मोजावीत. त्यात विशीच्या आतली किती आणि मुली किती, ते आम्हाला कळवावं.