पगार कोणाचा, हुकूम कोणाचा

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी नळदुर्ग ओलांडते, जळकोट मागे टाकते आणि थोड्या वेळाने मुरूम मोडावर प्रवासी उतरतात. मुरूमकरांना नळदुर्गचा किल्ला काही लांब नाही. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळायला लागले की इथल्या पोरांच्या मोटारसायकली तिकडे वळतात. पाणीमहाल, बोरीचे पाणी, चार फोटो, गरम भजी आणि परत. पण १८५३ साली हा नळदुर्ग आणि भोवतालचा धाराशिवचा मुलूख एका परक्या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, हे किल्ल्यावर फिरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते.

ही जुनी वही आज उघडायचे कारण युक्रेन. फेब्रुवारी २०२२ पासून त्या लढाईच्या बातम्यांत दोनच आकडे फिरताहेत. कोणत्या देशाने किती अब्जांची मदत दिली आणि कोणाकडे किती लाख सैनिक उरले. आकडे मोठे असतात, बातमी लहान असते आणि मदतीखालची अट तर शेवटच्या ओळीतही सापडत नाही. नळदुर्गच्या हकिकतीत अट आधी दिसते, म्हणून ती सांगायची.

सुरुवात खर्ड्यापासून करावी लागेल. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजाम अलीखानाला खर्ड्याला गाठले. निजामाच्या चाकरीत इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन पलटणी होत्या, पण त्या मराठ्यांवर चालून जाणार नाहीत, असे कंपनीचे धोरण. गव्हर्नर जनरल जॉन शोअरने हात वर केले. निजामाचा पराभव झाला, मुलूख गेला, कोट्यवधींची खंडणी कबूल करावी लागली आणि त्याचा दिवाण पुण्यात ओलीस म्हणून राहिला. ज्या दिवसासाठी परकी फौज पोसली त्याच दिवशी ती बाजूला उभी राहिली. रागाच्या भरात निजामाने इंग्रज पलटणींना रजा दिली आणि रेमंड या फ्रेंच सरदाराची कवायती फौज वाढवली. ती पुढे चौदा हजारांपर्यंत गेली.

इंग्रजांना हे मानवणे शक्यच नव्हते. रेमंड १७९८ च्या मार्चमध्ये वारला आणि सहा महिन्यांत, १ सप्टेंबरला, नवा गव्हर्नर जनरल वेलस्लीने निजामाशी तैनाती फौजेचा तह केला. सहा पलटणी, म्हणजे सहा हजार शिपाई, हैदराबादेत राहणार. त्यांच्यासाठी निजामाने वर्षाला २४,१७,१०० रुपये द्यायचे. फ्रेंच फौज मोडायची. ऑक्टोबरमध्ये तिची हत्यारे काढून घेतली गेली. माणसे चौदा हजारांवरून सहा हजारांवर आली, पण कागदावर संरक्षण वाढले होते. दोनच वर्षांनी, १८०० च्या तहात, आणखी दोन पलटणी आणि घोडदळाची एक रेजिमेंट वाढवण्यात आली आणि रोख रकमेऐवजी निजामाने बेल्लारी, कडप्पा, अनंतपूरकडचा मुलूख कायमचा देऊन टाकला. गंमत अशी, की हा मुलूख त्याला म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजांच्याच बाजूने लढून मिळालेला होता. दुसऱ्या बाजीरावाने डिसेंबर १८०२ मध्ये वसईला सही केली तीही याच साच्यातल्या कागदावर. सहा हजारांची फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख. खर्ड्याला जिंकलेला आणि हरलेला, दोघेही सात-आठ वर्षांत एकाच सावकाराच्या दारात आले.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. खरी मेख निजामाच्या १८०० च्या तहातल्या पुढच्या कलमात होती. युद्ध झाले तर निजामाने आपल्याकडचे सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार इंग्रजांच्या मदतीला पाठवायचे. ही झाली युद्धकाळापुरती अट. पण निजामाचे स्वार कामाचे नाहीत, असे म्हणत हैदराबादेतला कंपनीचा रेसिडेंट हेन्री रसेल याने त्यांच्या जागी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची नवी फौज उभी करायला लावली. आधी ‘रसेल ब्रिगेड’, मग ‘हैदराबाद कंटिंजंट’. तैनाती फौज वेगळी आणि ही वेगळी. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. वर्षाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात जायचा. त्यातला मोठा वाटा इंग्रज अधिकाऱ्यांच्या भरघोस पगार-भत्त्यांचा. डिसेंबर १८१७ मध्ये ही फौज महिदपूरला होळकरांविरुद्ध लढली. १८१८ मध्ये मराठ्यांशी चाललेले युद्ध संपले. फौज मात्र घरी गेली नाही.

निजामाचा कारभार बघणारे पेशकार चंदूलाल यांनी कधी नाही म्हटले नाही. खुर्ची रेसिडेंटच्या मर्जीवर टिकलेली, त्यामुळे पगार वेळेवर द्यायचाच आणि तिजोरीत नसेल तर कर्ज काढायचे. कर्ज द्यायला विल्यम पामरची पेढी बसलेलीच होती. देशी राजांना कर्ज द्यायला युरोपियनांना बंदी असताना या पेढीला १८१६ मध्ये खास परवानगी मिळाली. तिच्या भागीदारांपैकी रम्बोल्ड हा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने लेकीसारख्या वाढवलेल्या मुलीचा नवरा. व्याज शेकडा चोवीस-पंचवीस. औरंगाबाद आणि वऱ्हाडाकडच्या पलटणींचा पगार पामरची पेढी भागवायची आणि रकमा निजामाच्या नावे चढायच्या. १८२० मध्ये साठ लाखांचे नवे कर्ज दाखवण्यात आले. नवा रेसिडेंट मेटकाफ याने हिशेब उकरून काढला तेव्हा कुठे बोंब झाली. शेवटी १८२३ मध्ये तोड निघाली. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या उत्तर सरकारांबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाखांची पेशकश देत असे. ती कायमची बंद करून कंपनीने एकरकमी १,१६,६६,६६६ रुपये दिले आणि त्यातून पामरचे देणे फिटले. म्हणजे फौज इंग्रजांच्या हुकमातली, सावकार इंग्रजांच्या आशीर्वादाचा आणि गेले ते निजामाचे हक्काचे उत्पन्न.

तरी वही बंद झाली नाही. पुढच्या तीस वर्षांत पगार पुन्हा थकले, कंपनीने आपल्या तिजोरीतून भरले आणि ते व्याजासह निजामाच्या खाती लिहिले. १८५३ पर्यंत देणे चाळीस लाखांच्या वर गेले. निजामाच्या बाजूचे म्हणणे असे, की सिकंदराबाद आणि जालना छावण्यांतल्या अबकारीचे उत्पन्न कंपनीने चाळीसेक वर्षे स्वतःच खाल्ले. वर्षाला लाखभर धरले तरी देणे जवळजवळ तिथेच फिटते. गव्हर्नर जनरल डलहौसीने खासगीत मान्य केले होते, की शांततेच्या काळात ही फौज पोसायला निजाम तहाने बांधलेला नाही. मान्य केले आणि वसुली सुरूच ठेवली. साम्राज्य असेच चालते.

२१ मे १८५३ ला निजाम नासिरुद्दौलाने नव्या तहावर सही केली. कंटिंजंट आता निजामाच्या फौजेचा भाग राहिला नाही. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या इंग्रज सरकार ठेवणार, निजामासाठी. त्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग हे सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचे मुलूख इंग्रजांकडे. आपल्याकडे सावकार जमीन ताबेगहाण घेतो, स्वतः कसतो, उत्पन्न व्याजात वळते करतो आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. हा तह त्याच जातीचा. दिवाण सिराज-उल-मुल्क सहीनंतर आठवडाभरात वारला आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. पुढची तीस वर्षे तो वऱ्हाड परत मागत राहिला.

नळदुर्गचा कारभार बघायला आला फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक. सोळाव्या वर्षी तो निजामाच्या याच फौजेत भरती झाला होता. म्हणजे ज्या फौजेच्या पगारापायी जिल्हा गहाण पडला, त्याच फौजेत वाढलेला माणूस त्या जिल्ह्याची वसुली करायला नेमला गेला. किल्ल्यात मुक्काम, जमिनीची मोजणी, तळी, रस्ते. माणूस कामाचा होता आणि इथल्या मातीवर त्याचा जीव होता, हे नाकारायचे कारण नाही. तुळजापूर-नळदुर्गची पार्श्वभूमी असलेली ‘तारा’ ही त्याची कादंबरी त्याची साक्ष आहे. पण त्याने वसूल केलेला सारा जायचा कंटिंजंटच्या पगाराकडे. तीच फौज १८५८ मध्ये ह्यू रोजबरोबर झाशी आणि काल्पीच्या मोहिमेत होती. नळदुर्गच्या कुळाने भरलेला पैसा राणी लक्ष्मीबाईंविरुद्ध कामी आला आणि त्या कुळाला कोणी विचारलेही नाही.

१८६० च्या डिसेंबरात नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. कर्ज फिटले म्हणून नव्हे. सत्तावनमध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून पन्नास लाखांचे देणे माफ झाले. मोबदल्यात निजामाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडला. मागचा, चालू आणि पुढचा, सगळाच. वऱ्हाड परत आलेच नाही. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतले आणि कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाला. त्याच्या जुन्या पलटणींचा वारसा आज कुमाऊं रेजिमेंटकडे आहे.

निजामाच्या स्वतःच्या फौजेचे काय झाले, ते १९४८ मध्ये याच रस्त्यावर दिसले. दीडशे वर्षे राखण दुसऱ्याकडे दिलेल्या संस्थानाकडे ऑगस्ट १९४७ नंतर राखणदारच उरला नाही. नियमित सैन्य बावीस हजारांच्या आसपास, बाकी रझाकारांचा गोंगाट. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून बीदर आणि वरंगळला शस्त्रे उतरवत होता. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल उडवायच्या आत ताब्यात घेतला. पाचव्या दिवशी शरणागती आली. रझाकारांचा काच सोसलेल्या गावांना ती सुटका होती. आयत्या बंदुकांनी पाच दिवसांत फौज उभी राहत नाही, ही मात्र लष्करी बाब वेगळी.

हेच काबूलला ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. अफगाण सैन्य आणि पोलीस मिळून कागदावर तीन लाख होते. त्यांतली कित्येक नावे फक्त पगारपत्रकावर. विमानांची देखभाल करणारे अमेरिकी कंत्राटदार निघून गेले आणि हवाई दल जमिनीवर बसले.

युक्रेनची गोष्ट तशी नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तिथे माणसे त्यांची स्वतःची आहेत आणि हुकूम कीवचा आहे. अध्यक्ष झेलेन्स्की यांनी जानेवारी २०२५ मध्ये आपले सैन्य आठ लाख ऐंशी हजारांचे असल्याचे सांगितले होते. मित्रदेश तोफा देतात, माणसे देत नाहीत. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय २७ वरून २५ वर आणावे लागले. त्याच महिन्यात अमेरिकेने कित्येक महिने रखडलेली सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत मंजूर केली. पण मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या जाहीर वादानंतर शस्त्रे आणि गुप्त माहिती दोन्ही आठवडाभर थांबली तेव्हा खर्ड्याची आठवण येणे साहजिक होते. अमेरिकेबरोबरच्या ३० एप्रिल २०२५ च्या खनिज करारात मागची मदत कर्ज धरलेली नाही. मात्र पुढची लष्करी मदत सामाईक निधीत अमेरिकेची गुंतवणूक म्हणून धरता येईल. १८५३ च्या कागदापेक्षा हे कितीतरी सौम्य आहे. तरी जमिनीखालचे उत्पन्न टेबलावर आलेच.

लढाई लांबली की असे होतेच, मग देणारा दोस्त का असेना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनला दिलेल्या मदतीतला उरलेला हिशेब आणि युद्ध संपताच घेतलेले कर्ज, दोन्ही मिळून जे देणे ठरले, त्याचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २९ डिसेंबर २००६ रोजी भरला.