नाव येत नाही, जागा येते

आईने देहदानाचा फॉर्म भरला तेव्हा साक्षीदार म्हणून सही माझी होती. सही करताना काही वाटलं नाही. घरी आल्यावर मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "तिथं नेऊन करतात काय, आणि करतं कोण, हे एकदा बघून ये." म्हणून गेले. ओळखीच्या एक मॅडम एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवतात. त्यांनी रीतसर परवानगी काढून दिली.

दार उघडायच्या आधीच फॉर्मेलिनचा वास गाठतो. नाकाच्या आधी डोळ्यांना कळतो. पाणी येतं, आणि लोकांना वाटतं बाई रडतेय. सहा टेबलं, प्रत्येकाभोवती पांढऱ्या कोटांचा घोळका. पहिल्या दिवशी मुलं देहासमोर उभं राहून शपथ घेतात, मग त्वचा, मग स्नायू, मग नसा, असं महिनोन् महिने चालतं. भिंतीवर एका जुन्या चित्राची फ्रेम आहे, काचेवर धुळीचा थर. मॅडमनी रुमालाने काच पुसली आणि म्हणाल्या, "हे आमचं कुलदैवत."

चित्र अँड्रियास व्हेसेलियसच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाचं. 1543 साली बाझेलमध्ये छापलेला, माणसाच्या शरीराच्या रचनेवरचा. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात पदवी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला तिथं शिकवायला नेमलं. "गेलनच्या दोनशेच्या वर चुका काढल्या त्याने," मॅडम म्हणाल्या. हा आकडा त्या दर वर्षी पहिल्या तासाला सांगतात. दोनशे. मुलं वहीत लिहून घेतात.

गेलन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. त्याचा शब्द युरोपात तेराशे वर्षं प्रमाण होता. पण त्याने चिरली ती माकडं, डुकरं, बैल. त्यामुळे खालचा जबडा दोन हाडांचा, छातीचं मधलं हाड सात तुकड्यांचं, असं तो लिहून गेला, आणि माणसाचा जबडा एकसंध असूनही शतकानुशतकं विद्यार्थी दोन हाडं पाठ करत राहिले. समोर देह उघडा असायचा, तरी. ते कसं शक्य होतं, हे मला त्या हॉलमध्ये कळलं, आणि ते मॅडमनी नाही, मामांनी सांगितलं.

मामा म्हणजे विभागाचे अटेंडंट. निवृत्तीला थोडे महिने उरलेले, बारीक अंगाचे, हातमोज्यांच्या आतही नखं अगदी कापलेली. देह आला की मांडीच्या धमनीतून औषध सोडण्यापासून ते टाकीत ठेवण्यापर्यंत, टेबलावर आणण्यापासून ते तास संपल्यावर झाकण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. तिसऱ्या टेबलावरच्या एका मुलीला काखेतली कुठलीशी नस सापडत नव्हती. पुस्तक उघडं, बोट आकृतीवर, नजर एकदा पानावर आणि एकदा देहावर. मामा बादली घेऊन चालले होते. ते थांबले, चिमट्याने चरबीचा पापुद्रा अलगद बाजूला केला, पांढरा दोरा वर उचलून दाखवला आणि पुढे गेले.

मी मागे जाऊन विचारलं, "कोणती होती ती?"

"नाव नाही येत ताई, जागा येते."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. व्हेसेलियसच्या आधीची युरोपातली सगळी शरीरशाळा त्या एका वाक्यात बसते. 1493 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका वैद्यकग्रंथात तिचं चित्र आहे. प्राध्यापक उंच खुर्चीवर बसलेला. खाली टेबलावर देह. सुरी हातात घेऊन वाकलेला माणूस वेगळाच. चिरणं हे न्हाव्याचं काम. प्राध्यापकाने लॅटिनमध्ये वाचायचं, एकाने काठीने दाखवायचं, न्हाव्याने कापायचं. नाव वरच्या खुर्चीत होतं आणि जागा खालच्या हातात. दोघांची भाषाही एक नव्हती. न्हाव्याला एकसंध जबडा दिसत असणारच, पण त्याला विचारणार कोण? आणि खुर्चीवरच्याला खाली वाकून बघायची गरज काय, पोथीत लिहिलेलं असताना?

व्हेसेलियस त्या खुर्चीवरून उतरला. सुरी त्याने स्वतः घेतली. मुखपृष्ठावर तो एका स्त्रीच्या उघडलेल्या पोटावर हात ठेवून उभा आहे आणि नजर थेट आपल्याकडे. भोवती गर्दी, मध्ये एक सांगाडा, कडेला एक माकडही आहे. गेलनला चिमटाच तो, असं मला वाटतं. विद्या आणि हात एका माणसात आले, आणि चुका सापडू लागल्या. दोनशे.

पण हा आकडा मला जितक्या वेळा ऐकू आला तितका तो अपुरा वाटू लागला. कारण याच व्हेसेलियसने 1541 साली व्हेनिसला निघालेल्या गेलनच्या समग्र आवृत्तीसाठी काही भाग तपासून दिले होते. त्याआधी 1539 मध्ये त्याने एक पुस्तिका लिहिली. विषय, छातीच्या एका बाजूला दुखत असेल तर रक्त कोणत्या हातातून काढावं. त्याच बाजूच्या की दुसऱ्या? विद्वानांत यावरून मोठा कलह होता. छातीतल्या एका शिरेची जोडणी दाखवून त्याने आपलं मत मांडलं. उत्तम निरीक्षण. पण रक्त काढावंच का, हा प्रश्न त्यात नाही. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त या चार द्रवांचा तोल बिघडला की रोग, आणि तोल सावरायला रक्त काढायचं, जुलाब द्यायचे. आजाऱ्याच्या उशाशी गेलनच बसलेला होता. हृदयाच्या मधल्या भिंतीत रक्त झिरपायला सूक्ष्म छिद्रं आहेत, असं गेलन म्हणाला होता. व्हेसेलियसला ती दिसली नाहीत. पहिल्या आवृत्तीत त्याने देवाच्या कारागिरीचं नवल केलं आणि पुढे गेला; शंका उघडपणे मांडायला 1555 ची आवृत्ती उजाडावी लागली. पादुआतच शिकून गेलेल्या विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केलं, तरी शिरा कापून रक्त काढणं पुढे दोनशे वर्षं थांबलं नाही. पुन्हा दोनशे. हा आकडा मात्र कोणी वहीत लिहून घेत नाही.

म्हणजे 'वैद्यकातली क्रांती' म्हणतात ती टेबलावर झाली, खाटेवर नाही. खाटेपाशी जे थोडंफार बदललं, ते उलट टेबलाखालच्या माणसांनी बदललं. आंब्रुआज पारे हा फ्रान्सचा न्हावी-शल्यक. त्याला लॅटिन येत नव्हतं. बंदुकीच्या जखमेत उकळतं तेल ओतायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. एका मोहिमेत तेल संपलं, म्हणून त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. रात्रभर झोप नाही, हे जखमी आता मरणार. सकाळी पाहतो तर लेपवाले शांत आणि तेलवाले तापाने, वेदनेने तळमळत होते. 1545 साली त्याने ते फ्रेंचमध्ये लिहून काढलं. नाव येत नव्हतं, जागा येत होती.

दुपारी हॉल रिकामा झाला. मामा टेबलांवरून फिरू लागले. दूर केलेली त्वचा ते पुन्हा जागेवर बसवत होते, पान मिटावं तशी. मग फॉर्मेलिनमध्ये भिजवलेलं फडकं, मग प्लास्टिक. घाई नाही. एका देहाचा हात टेबलाबाहेर लोंबत होता. त्यांनी तो उचलून छातीवर ठेवला. हे कुठल्या नियमात नसावं.

देह कुठून येतात, मी विचारलं. पूर्वी बेवारसच जास्त असायचे, म्हणाले; 1949 च्या कायद्याने त्यांची सोय झाली, आता दान केलेलेही येतात. व्हेसेलियसला फाशी दिलेले मिळत. लूव्हाँला असताना त्याने फाशीच्या खांबावर सुकलेला सांगाडा चोरून आणला होता. पुढे पादुआच्या एका न्यायाधीशाने गुन्हेगारांची प्रेतं त्याला मिळतील अशी व्यवस्था केली. शवविच्छेदन हिवाळ्यात व्हायचं, कारण देह टिकत नसे. देणाऱ्याची इच्छा हा त्यातला खरा नवा भाग. शतकांनंतर आलेला. माझी आई या बदलात आहे, व्हेसेलियसच्या नाही.

निघताना मामा चित्रापाशी थांबले. इतकी वर्षं ते त्याच्याखालून जात होते. मॅडमनी काच पुसल्यामुळे आज तळाचा भाग नीट दिसत होता.

"हे टेबलाखाली बसलेत ते कोण हो, मॅडम?"

टेबलाच्या पायांशी दोघेजण वस्तऱ्यांवरून हुज्जत घालत बसलेले आहेत. "न्हावी," मॅडम म्हणाल्या. "आधी तेच चिरायचे. याने सुरी घेतली, मग त्यांना फक्त धार लावायचं काम उरलं."

मामांनी वाकून नीट पाहिलं. "नावं नाहीत का त्यांची?"

"नाहीत."

"धार तरी चांगली लावत असतील," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. साबणाने दोनदा, मग अर्ध्या लिंबाने. वास जात नाहीच, पण जेवायला बसता येतं.

रात्री आईने विचारलं, "काय बघितलंस?" व्हेसेलियस, पादुआ, दोनशे चुका, सगळं सांगायचं ठरवून आले होते. तिने मध्येच तोडलं. "ते राहू दे. तिथं असतं कोण?"

"मामा असतात."

"बरे आहेत?"

"हात सावकाश आहे त्यांचा," मी म्हटलं. ती मान हलवून दिवा बंद करायला उठली.