विमानांचे संग्रहालय मुंबईला पेलत नाही काय?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरविले. भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घालणाऱ्या या शहरात आज विमानांचे स्वतंत्र सार्वजनिक संग्रहालय नाही. एक होते, ते भंगारात गेले.

‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेलेले असतानाही ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तिच्यावरील ‘सी हॉक’ व ‘अलिझे’ विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार येथील तळांवर मारा केला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे २००१ पासून नौदलाची जुनी विमाने व हेलिकॉप्टरे मांडून तिच्यावरच संग्रहालय चालविण्यात आले. गिरगाव-परळच्या शाळांतील मुलांना लढाऊ विमान हाताच्या अंतरावरून पाहण्याची ती दुर्मीळ संधी होती.

परंतु खाऱ्या पाण्यात उभे असलेले जुने जहाज दरवर्षी मोठा खर्च मागते. जहाज धोकादायक झाल्याने २०१२ मध्ये संग्रहालय बंद पडले. हा भार पेलण्यास राज्य शासनाने असमर्थता दर्शविली. लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना नौका विकली गेली. २०१४ मध्ये उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी ती वाचविण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या आणि रे रोडजवळच्या दारूखान्यात तिचे तुकडे झाले. ‘विक्रांत’च्या गौरवाची भाषणे अनेकांनी केली होती, तिच्या देखभालीची तरतूद मात्र कोणीच केली नव्हती.

गोव्याचे उदाहरण निराळे आहे. दाबोळीनजीक बोगमाळो येथे नौदलाने १९९८ मध्ये विमान संग्रहालय उघडले. ‘सी हॉक’, ‘अलिझे’ आणि एकेकाळी एअर इंडियाच्या सेवेत असलेले ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ तेथे पाहावयास मिळते. ते संग्रहालय टिकले, याचे एक साधे कारण असे की, ते जमिनीवर आहे. विमान जपावयास जहाज लागत नाही. छप्पर, रंगरंगोटी आणि जाणता कारागीर पुरेसा होतो.

मुंबईतही आरंभ करण्याजोगे काही शिल्लक आहे. १७ जून १९६१ रोजी प्रथम झेपावलेले ‘मारुत’ हे भारतात विकसित केलेले पहिले जेट लढाऊ विमान. त्याचा एक नमुना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदराची जुनी गोदामेही आहेत. शासन, महापालिका आणि नौदल यांनी एखादे गोदाम निवडून त्याच्या वार्षिक खर्चाची जबाबदारी आधी लेखी वाटून घ्यावी आणि उद्घाटनाची तारीख त्यानंतर ठरवावी. २ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या ‘विक्रांत’ने जुने नाव पुन्हा धारण केले. नाव असे पुन्हा देता येते. वितळविलेले पोलाद परत येत नाही.