पाळोळ्याच्या पाठीमागचे पाणी

गोव्याला जायचे म्हणजे समुद्रावर जायचे, हे बेळगावकरांचे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या पक्के आहे. घाट उतरायचा, देवदर्शन उरकायचे, संध्याकाळी किनारा गाठायचा आणि परतताना काजू घ्यायचे. अलीकडे आपली मंडळी दक्षिणेला काणकोणपर्यंत जाऊ लागली आहेत. पाळोळ्याचा कोयरीसारखा वळलेला किनारा आहेच तसा देखणा. पण तिथे समुद्राकडे तोंड करून बसलेल्यांपैकी मागे वळून पाहणारे थोडेच. वळून पाहिले तर सह्याद्री अगदी पाठीशी उभा दिसतो. आणि सह्याद्री जवळ म्हणजे धबधबेही जवळ.

त्यांतला सर्वांत सोपा बामणबुडो. गावडोंगरीच्या बाजूला, रस्त्याच्या अगदी कडेला. इथे चालावे लागत नाही, म्हणून गर्दीही इथेच. मराठीचा अध्यापक असल्याने नावाशी थोडे थांबतो. बामणबुडो म्हणजे जिथे बामण बुडाला ती जागा. हा बामण कोण, कधीचा, यात आपण शिरू नये. मात्र गावकऱ्यांनी पाटी न लावता पुढच्या पिढ्यांना दिलेली धोक्याची सूचना या नावात आहे, एवढे नक्की. आपण मात्र नावाला हसतो आणि डोहात उतरतो!

खरी चाल हवी असेल तर आत जावे. खोतीगाव अभयारण्य काणकोण तालुक्यातच आहे, सुमारे ८६ चौरस किलोमीटरचे. त्यात आत कुस्के नावाचे गाव आणि त्याच नावाचा धबधबा आहे. शेजारच्या सांगे तालुक्यात नेत्रावळीचे अभयारण्य; ते १९९९ साली घोषित झाले आणि आकाराने खोतीगावच्या दुपटीहून मोठे आहे. तिथे सावरी आणि मैनापी. सावरीची वाट घरच्या ज्येष्ठांनाही सावकाश जमण्यासारखी आहे. मैनापीला झाडीतून, ओहोळ ओलांडत चांगले चालावे लागते. नेत्रावळीला गेलाच आहात तर गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी पाहिल्याशिवाय येऊ नका. तळातून बुडबुडे सतत वर येत असतात. मुले तिथून हलत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मोठेही हलत नाहीत.

आता पाण्याविषयी. धबधब्यावर बळी जातात त्यात पोहता न येणे हे एकच कारण नसते. वरून कोसळणारे पाणी खालचा कातळ कोरत राहते, त्यामुळे ऐन धारेखाली डोह सर्वांत खोल असतो. शिवाय फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते. असे पाणी माणसाला नेहमीसारखे उचलून धरत नाही, त्यामुळे विहिरीत पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो. दुसरा धोका वरच्या डोंगराचा. आपण उभे आहोत तिथे लख्ख ऊन असते आणि चार डोंगर पलीकडे पाऊस कोसळत असतो. ते पाणी काही वेळाने लोंढा होऊन खाली येते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाचजण, लहान मुलांसह, असेच वाहून गेले. त्याआधी २०२३ च्या जुलैत मैनापीत दोघे बुडाले, आणि गोवा सरकारने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. पुढे काही ठिकाणी ती उठली. पण पावसाळ्यात नियम केव्हाही बदलू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी हे बरे.

पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, की चपला शोधत बसू नये. आधी काठ चढावा.

पावसाळा संपला म्हणजे धोका संपला, हेही तिथे कुणी मानत नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात काही तासांत एवढा पाऊस झाला की नद्या घरांत शिरल्या, दरडी कोसळल्या, शेकडो घरांची पडझड झाली. त्याच दिवशी खाली कारवारजवळही दरडीखाली माणसे गेली. तरीही चालण्यासाठी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हाच काळ मला उत्तम वाटतो. धारा बारीक झालेल्या असतात. पण पाणी नितळ असते, वाट दिसते आणि पाखरांचे आवाज ऐकू येतात. जुलैत नुसता पाण्याचा गडगडाट.

तयारी फार नको. पकड असलेले बूट, अंगभर सुती कपडे, हातात काठी. ओल असेपर्यंत जळवा असतात, तेव्हा मिठाची पुरचुंडी खिशात असू द्यावी. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून रीतसर आत जावे आणि गावातला वाटाड्या घ्यावा. त्याला दिलेले पैसे पाहून कुरकुरणारे महाभाग पाळोळ्याला शहाळ्याला मागतील तेवढे पैसे मुकाट्याने मोजतात! या रानात वेळीप-कुणबी समाजाची वस्ती आहे. कुठला दगड निसरडा, कुठल्या ओहोळाला कधी पाणी चढते, हे वाटाड्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. तो थांब म्हणाला की थांबावे. आणि आंबोलीला रविवारी आपण जे करतो, म्हणजे गाडीचे दरवाजे उघडून गाणी लावणे, बाटल्या फोडणे, भज्यांचे कागद दरीत भिरकावणे, ते कृपा करून घाटाखाली नेऊ नये.

सकाळी लवकर निघून दुपारी दोनपर्यंत रानाबाहेर पडावे. चावडीच्या बाजारात खानावळी आहेत. मासे न खाणाऱ्यांचीही सोय होते. मग संध्याकाळी पाळोळ्याच्या गर्दीऐवजी थोडे दक्षिणेला तळपणला जावे. खोतीगावच्या रानातले ओहोळ गोळा करून येणारी तळपण नदी तिथे समुद्राला मिळते. सकाळी कुस्केच्या कातळावरून उडी घेणारे पाणी इथे होडीच्या कडेला अलगद लागते. भरती असली तर ते थोडे मागेही सरते.