त्वचेखालचे ६५ अंश

मटण शिजायला लागलं की पातेल्यातले तुकडे लहान होतात. पाणी सुटतं हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मांसाच्या धाग्यांना वेढणाऱ्या पातळ पडद्यांत असतं. हे पडदे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सरकलं की कोलॅजेनचे तंतू आखडतात आणि आखडताना मांसाला आवळतात. आच तशीच राहिली तर काही वेळाने तेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. पाया सूप गार झाल्यावर थिजतं ते त्यामुळे. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत ‘स्किन टायटनिंग’ म्हणून रेडिओफ्रिक्वेन्सीचे, थोडक्यात ‘आरएफ’चे, जे उपचार होतात, त्यांतले सर्वांत तीव्र उपचार यातला पहिला टप्पा साधू पाहतात. फरक एवढाच, की तो जिवंत माणसाच्या गालात साधायचा असतो, वरची कातडी न भाजता आणि भूल न देता.

बाजारात अशी यंत्रं भरपूर आहेत. पन्नाशीच्या आसपासची बाई किंवा बाप्या दवाखान्यात येतो, हनुवटीखालची सैल कातडी चिमटीत धरतो आणि विचारतो, यातलं सगळ्यात चांगलं मशीन कोणतं? प्रश्न रास्त आहे, पण यंत्रांची नावं एकाखाली एक लिहून त्याचं उत्तर सापडत नाही. उष्णता किती खोल जाते, किती अंशांपर्यंत चढते, किती वेळ टिकते आणि ती कशी मोजली जाते, या चार गोष्टी कळल्या तरच तुलना सुरू होते.

आधी त्वचा पाहू. वरचा थर, बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी कागदाइतकी पातळ. तिच्याखाली काही मिलिमीटर जाडीची अंतस्त्वचा. तिच्यातलं पाणी वगळलं तर जे उरतं त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजेन असतो. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या असतात आणि हायड्रोजन बंध त्यांना धरून ठेवतात. उष्णतेने हे बंध तुटतात, पीळ सुटतो, तंतू लांबीने कमी आणि जाडीने जास्त होतो. तरुणपण सरलं की त्वचेतलं कोलॅजेन दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटतं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत तर ही घट ३० टक्क्यांच्या आसपास जाते. उन्हात काम करणाऱ्यांच्या त्वचेत अतिनील किरण हे काम आणखी लवकर उरकतात.

आता वीज. आपल्या घरातला विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो आणि त्याचा झटका जीव घेऊ शकतो. प्रवाहाची दिशा याहून फार वेगाने बदलत ठेवली, तर मज्जातंतूंना प्रतिसाद द्यायलाच वेळ मिळत नाही. झटका बसत नाही, फक्त ऊब जाणवते. फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोगाने दाखवलं. पुढे १९२६ साली बोस्टनमध्ये विल्यम बोव्ही यांनी तयार केलेलं यंत्र घेऊन मेंदूशल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी एक गाठ काढली, आणि विजेने ऊती कापणं व रक्तस्राव थांबवणं शस्त्रक्रियागृहात रुजलं. चेहऱ्यावर फिरणारा आजचा हँडपीस याच घराण्यातला. प्रवाह ऊतीतून जाताना तिथले आयन पुढे-मागे धावतात, ऊती त्यांना रोध करते आणि त्या रोधातून उष्णता निर्माण होते. म्हणजे उष्णता बाहेरून आत जात नाही, ती आतच तयार होते. वरची त्वचा थंड ठेवून खालची तापवणं शक्य होतं ते यामुळे.

एकध्रुवी, म्हणजे मोनोपोलर पद्धतीत एक इलेक्ट्रोड चेहऱ्यावर आणि दुसरा, बराच मोठा, पाठीला चिकटवलेला असतो. प्रवाह दोन्हीकडे सारखाच, पण चेहऱ्यावरची टिप लहान असल्यामुळे तिथे तो दाटतो आणि तापतो. पाठीवर पसरतो, म्हणून तिथे काही जाणवत नाही. या पद्धतीचं सर्वांत जुनं आणि सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं यंत्र म्हणजे थर्माज. वारंवारता ६ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० लाख आवर्तनं. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, त्याला २००२ साली परवानगी दिली. त्याच्या टिपेवर विद्युतरोधक पदार्थाचा पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे प्रवाह कडांवर गोळा न होता साऱ्या पृष्ठभागावर सारखा पसरतो. विजेच्या प्रत्येक स्पंदाच्या आधी, दरम्यान आणि नंतर टिपेच्या आतून शीतकारकाचा फवारा उडतो. खाली अंतस्त्वचा ६५ अंशांच्या आसपास तापत असताना वरची बाह्यत्वचा या फवाऱ्याने वाचते. प्रवाह त्याहून खाली, चरबीतल्या तंतुमय पडद्यांपर्यंतही पोचतो, आणि ते पडदे आखडल्यानेही त्वचा खेचली जाते.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत ८६ जण होते. सहा महिन्यांनी फोटोंवरून मोजलं, तेव्हा सुमारे ६१ टक्के भुवया निदान अर्धा मिलिमीटर वर सरकलेल्या होत्या. अर्धा मिलिमीटर म्हणजे जवळपास आपल्या नखाची जाडी. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांबद्दल समाधानी असलेले निम्मे. एकूण ५,८५८ स्पंदांपैकी २१ ठिकाणी फोड येण्याइतकं भाजलं, आणि तिघांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांनंतरही लहान व्रण राहिले. हे आकडे मला महत्त्वाचे वाटतात, कारण जाहिरातीतल्या ‘फेसलिफ्ट’ या शब्दात आणि अर्ध्या मिलिमीटरमध्ये जे अंतर आहे, ते रुग्णाला पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे.

खरा धडा त्यापुढचा. सुरुवातीच्या काळात डॉक्टर जास्त ऊर्जा वापरत आणि चेहऱ्यावरून एकदाच हात फिरवत. वेदना तीव्र होई, काहींच्या गालातली चरबी जळून खळगे पडले. मग रीत बदलली: ऊर्जा कमी, पण त्याच जागेवरून अनेक फेऱ्या, आणि थांबायचं ते डोळ्यांदेखत त्वचा घट्ट होताना दिसल्यावर. २००७ साली ५,७०० उपचारांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. जुन्या रीतीत उपचारानंतर लगेच घट्टपणा दिसलेले २६ टक्के, नव्या रीतीत ८७ टक्के. सहा महिन्यांनंतरचे आकडे ५४ आणि ९२. उपचार फार दुखला म्हणणारे ४५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच गोळा झालेली होती, तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट नव्हता, त्यामुळे टक्केवारी थोडी हात राखूनच घ्यावी. तरीही दोन रीतींमधला फरक डोळ्यांआड करता येणार नाही. यंत्राचा प्रकार तोच, बदलली ती वापरायची पद्धत.

वेदनेचीही इथे वेगळी भूमिका आहे. रुग्णाला ऊब किती वाटते ते ० ते ४ या मापावर सांगायला लावतात आणि साधारण २ ते अडीचच्या आसपास राहतात. त्वचेच्या आतला ताप थेट दाखवणारा तापमापक तिथे नसतो, रुग्णाची संवेदना हाच त्यातला सर्वांत विश्वासू निर्देशक. म्हणून चेहरा बधिर करणारं इंजेक्शन देऊन किंवा रुग्णाला झोपवून हा उपचार करणं धोक्याचं आहे. ‘अजिबात कळणार नाही, झोपेतच होऊन जाईल’ असं कुणी सांगितलं, तर तिथून उठावं हे मी निःशंकपणे सांगेन.

द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर पद्धतीत दोन्ही इलेक्ट्रोड हँडपीसवरच असतात. प्रवाह एकातून निघून जवळच्या दुसऱ्यात जातो, आणि ढोबळमानाने दोघांमधल्या अंतराच्या निम्म्याइतकाच खोल उतरतो. ताबा चांगला, पाठीला पट्टी नको, दुखणं कमी; पण पोच उथळ. यावर एक सुरेख तोड निघाली. निर्वाताने खेचून त्वचेची घडी दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये आणायची, की प्रवाहाला ती आरपार ओलांडावीच लागते. तीन किंवा अधिक ध्रुवांच्या यंत्रांत प्रवाह आलटून पालटून वेगवेगळ्या जोड्यांमधून सोडतात, त्यामुळे पृष्ठभागावरचा कुठलाच एक बिंदू फार तापत नाही. या घराण्यातली बरीच यंत्रं इस्रायलमधल्या कंपन्यांनी घडवली. एकाच अँटेनासारख्या टोकाने विद्युतक्षेत्र सोडणारा युनिपोलर प्रकारही आहे. त्यातलं एक परिचित यंत्र ४०.६८ मेगाहर्ट्झवर चालतं. रेडिओ दळणवळणात अडथळा येऊ नये म्हणून उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी जगभर राखून ठेवलेल्या पट्ट्यांपैकी ही एक.

या सौम्य यंत्रांत त्वचेचा पृष्ठभाग ४० ते ४३ अंशांवर काही मिनिटं धरून ठेवतात आणि तापमान अवरक्त तापमापकाने सतत पाहतात. मग ६५ अंशांचं काय? कोलॅजेन आखडण्याचा एक ढोबळ नियम असा, की तापमान ५ अंशांनी कमी झालं तर तेवढाच परिणाम साधायला सुमारे १० पट वेळ लागतो. ६५ अंशांना १ सेकंद पुरत असेल, तर ४५ अंशांना १०,००० सेकंद लागतील, म्हणजे जवळपास पावणेतीन तास. इतका वेळ कुणीच हँडपीस फिरवत नाही. तेव्हा सौम्य यंत्रं कोलॅजेन आखडवतात हा दावा टिकत नाही. त्यांची वाट वेगळी आहे. ऊब लागल्यावर अंतस्त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी ताणाला उत्तर म्हणून उष्माघात प्रथिनं तयार करतात आणि नव्या कोलॅजेनची निर्मिती वाढवतात. हे काम महिनोन्‌महिने चालतं. थर्माजसारख्या तीव्र उपचारातही आखडण्याचा तात्काळ परिणाम आणि नंतरची दुरुस्ती असे दोन हिस्से असतात. सौम्य उपचारात दुसराच मुख्य. म्हणूनच असा तीव्र उपचार बहुधा एकाच बैठकीत आटोपतो, तर सौम्य उपचारांसाठी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला अशा अनेक बैठका लागतात आणि परिणाम टिकवायला मध्येमध्ये पुन्हा जावं लागतं.

खर्चाचं गणितही इथेच ठरतं. थर्माजसारख्या एकध्रुवी यंत्राची टिप एका रुग्णापुरती असते, तिच्यात ठरावीक स्पंद भरलेले असतात आणि ते संपले की ती टाकून द्यायची. त्यामुळे एक बैठक महाग पडते. बायपोलरचा हँडपीस वर्षानुवर्षं वापरता येतो, म्हणून दर बैठकीचा आकार कमी. पण सगळ्या बैठका आणि पुढची देखभाल धरून बेरीज केल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नये. टिपेचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर उघडायला सांगण्यात संकोच कशाला?

आपल्याकडच्या त्वचेसाठी आरएफचा एक फायदा खरा आहे. लेझर आणि तीव्र प्रकाशाच्या यंत्रांचा प्रकाश मेलॅनिनकडून शोषला जातो. त्यामुळे सावळ्या त्वचेवर भाजण्याचा आणि काळे डाग राहण्याचा धोका वाढतो. त्वचेच्या रंगाच्या सहा प्रकारांच्या फिट्झपॅट्रिक मापनात बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. विजेच्या प्रवाहाला मेलॅनिनशी देणंघेणं नाही. मात्र भाजलंच, तर डाग सावळ्या त्वचेवर अधिक गडद पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. ‘सर्व प्रकारच्या त्वचेला सुरक्षित’ या वाक्याचा अर्थ एवढाच घ्यायचा.

यंत्रायंत्रांची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्या मोजक्या आणि लहान आहेत. बहुतेक अभ्यासांत रुग्ण थोडे, मापं वेगवेगळी आणि फोटो पाहणाऱ्याला उपचार झालाय हे ठाऊक. अमेरिकेत अशी अनेक यंत्रं बाजारात येतात ती आधीच्या एखाद्या यंत्राशी मूलतः सारखी असल्याचं दाखवून; ती त्याहून सरस आहेत हे सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे ‘एफडीएची मान्यता’ हा शिक्का दोन यंत्रांत निवड करायला उपयोगाचा नाही.

सुया टोचून खोलवर आरएफ देणारी यंत्रं मी या तुलनेत मुद्दाम धरलेली नाहीत, कारण ती त्वचा भेदतात. दवाखान्यांच्या पत्रकांत मात्र ती यांच्याच रांगेत छापलेली असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफडीएने त्यांच्याबद्दल सावधानतेचा इशारा दिला: भाजणं, व्रण, चरबी घटणं, चेहरा विद्रूप होणं, मज्जातंतूंना इजा. हा उपचार पार्लरमध्ये करण्याजोगा नाही, घरी तर नाहीच.

न टोचणाऱ्या आरएफचेही नकार स्पष्ट आहेत. हृदयात पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवला असेल, गरोदरपण असेल, उपचाराच्या जागी धातू किंवा संसर्ग असेल, तर नाही. चेहऱ्यात टोचून भरलेले फिलर असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणि वयाने उतरलेला चेहरा फक्त त्वचेमुळे उतरत नाही. जबड्याचं आणि डोळ्यांभोवतीचं हाड झिजतं, गालांतल्या चरबीच्या गाद्या आकसतात, खाली सरकतात. ६५ अंश असोत की ४२, विजेचा कुठलाच प्रवाह हाड परत आणत नाही. थोडी ते मध्यम सैल त्वचा, चाळिशी-पन्नाशीचं वय आणि फरक थोडा असेल हे मान्य असलेला माणूस, एवढं जुळलं तरच या उपचाराचं चीज होतं. ४०-५० किलो वजन उतरवल्यावर पोटावर लोंबणारी कातडी शस्त्रक्रियेनेच काढावी लागते, आणि तिथे आरएफच्या बैठका विकणं ही फसवणूक आहे. उपचार घ्यायचाच ठरला, तर आधीचे फोटो त्याच खोलीत, त्याच उजेडात, तेल-मेकअप न लावता, समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढून घ्यावेत, त्यांची प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि तसेच फोटो पुन्हा सहा महिन्यांनी काढावेत. उपचारानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत दिसणारा बराचसा ताठपणा सुजेचा असतो.